वॉर्ड सोडाल तरच शिकवू, म्हणणाऱ्या संस्थेस खुलं पत्र

मा. संचालक आणि विद्वत परिषदेचे सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

संस्थेचं नाव या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. पत्र ज्यांना आहे त्यांना ते दुसऱ्या परिच्छेदातच कळेल. बाकीच्यांना नाव कळून उपयोग नाही. उद्या दुसऱ्या कुठल्या संस्थेने हेच केलं, तर हे पत्र तिलाही लागू पडावं.

मी नागपुरातल्या एका रुग्णालयात सतरा वर्षं स्टाफ नर्स आहे. गेल्या वर्षी ऑगस्टपासून तुमच्याकडे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, म्हणजे एमपीएचला, शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये आहे. आहे म्हणायचं की होते, हे आता तुमच्यावर आहे. मागच्या पंधरवड्यात सूचना फलकावर चार ओळींचं परिपत्रक लागलं. प्रशासकीय कारणास्तव सुट्टीच्या दिवसांची बॅच बंद. यापुढे अभ्यासक्रम फक्त पूर्णवेळ, सोमवार ते शुक्रवार, दहा ते पाच. सध्याच्या विद्यार्थ्यांनी पूर्णवेळ बॅचमध्ये यावं किंवा दुसऱ्या वर्षाची भरलेली फी परत न्यावी. आमच्यातल्या एकाने त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. एरवी त्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं थांबत नाहीत, त्या दिवशी तासभर कोणी काही लिहिलं नाही.

आम्ही अकरा जण आहोत. चार नर्स, उमरेडकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले एक बीएएमएस डॉक्टर, एक दंतवैद्य, एक फिजिओथेरपिस्ट, एक लॅब टेक्निशियन, कामठी रोडला स्वतःचं औषधाचं दुकान असलेला एक फार्मासिस्ट आणि उपकेंद्रांवरचे दोन समुदाय आरोग्य अधिकारी. सगळ्यात लहान सव्वीस वर्षांचा, सगळ्यात मोठी मी. माझी मुलगी यंदा बारावीला आहे. रात्री एकाच टेबलावर ती फिजिक्स करते आणि मी बायोस्टॅटिस्टिक्स. "आई, तुला स्टँडर्ड डेव्हिएशन येत नाही?" असं ती ज्या सुरात विचारते, तो सूर मी तिला कधी माफ करणार नाही.

शनिवारी माझी नाईट संपते सकाळी आठला. ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्डचा ताबा, द्यायचा, ड्युटी रूममध्ये तोंडावर पाणी मारायचं, कपडे बदलायचे, मेट्रोने सीताबर्डीला गाडी बदलायची आणि वर्गाच्या अलीकडे गाड्यावर तर्री पोहे खाऊन दहाला बाकावर बसायचं. अकरा महिने हे केलं. दुपारच्या तासाला कधी कधी डोळा लागतो, तो आमच्या सरांनी पाहून न पाहिल्यासारखा केला, त्याबद्दल त्यांचे इथे जाहीर आभार. वॉर्डातल्या मावशी एकदा म्हणाल्या, "सिस्टर, आता या वयात कायले शिकून राहिल्या? पगार वाढते का?" नाही वाढत. या पदवीने दवाखाना थाटता येत नाही, प्रॅक्टिसचा कुठला हक्क मिळत नाही, आमच्या बढतीच्या यादीतही तिचा रकाना नाही. तरी का शिकते ते सांगते, कारण परिपत्रक काढणाऱ्यांनी हा प्रश्न विचारलेला दिसत नाही.

केसपेपरवर पत्त्याचा एक रकाना असतो. सतरा वर्षांत मी हजारो केसपेपर हाताळले असतील. बहुतेकांवर त्या रकान्यात एकच शब्द असतो, "नागपूर". फार तर "नागपूर ग्रामीण". मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. सलाईन लावायला पत्ता लागत नाही. पहिल्या सत्रात साथरोगशास्त्राच्या तासाला आम्हाला शिकवलं की कोण, कुठे आणि कधी, या तीन प्रश्नांवर सगळी इमारत उभी असते. आमच्या लॅब टेक्निशियनने हात वर करून सांगितलं, "सर, आमच्याकडून रोग सर्वेक्षणाचा एल फॉर्म वेळेत जातो, पण 'कुठे'च्या जागी फक्त शहराचं नाव असतं. पॉझिटिव्ह कुठल्या वस्तीतला, ते आम्हालाच माहीत नसतं." उपकेंद्रातून जातो तो एस फॉर्म, डॉक्टर भरतात तो पी आणि लॅबचा एल. एकाच आजाराचे तीन कागद भरणारी माणसं त्या दिवशी पहिल्यांदा एका बाकावर बसली होती. दुसऱ्या दिवसापासून मी केसपेपरच्या समासात पेन्सिलीने वस्तीचं नाव लिहायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. दोन महिन्यांत वॉर्डातल्या बाकीच्या सिस्टरही लिहायला लागल्या. आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "हे जास्तीचं काम कोणी लावलं?" मी म्हटलं, कॉलेजने.

अभ्यासक्रम सुरू होऊन महिना झाला असेल-नसेल, तेव्हाची गोष्ट. सप्टेंबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातली लहान मुलं किडनी निकामी होऊन नागपुरातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत यायला लागली. माझ्या वॉर्डात ती नव्हती, त्यामुळे मी पाहिलं असं म्हणणार नाही, सगळ्या नागपूरकरांसारखं वाचलं. त्यांना खोकल्याचं औषध दिलेलं होतं. ते जिथे बनलं त्या तामिळनाडूच्या तपासणीत ऑक्टोबरमध्ये त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, 48.6 टक्के. चालतं 0.1 टक्क्यापर्यंत. वीसहून अधिक मुलं दगावली. त्याच आठवड्यात शनिवारी आमच्या सरांनी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर रकाने आखले. मुलाचं वय, गाव, ताप कधी आला, लघवी कधी बंद झाली, कुठलं औषध, कुठल्या दुकानातून, कोणी लिहून दिलं. "याला लाइन लिस्ट म्हणतात. एका खाटेवर एक मूल असतं तोवर ती केस असते. या रकान्यांत पाच मुलं भरली की गोष्ट दिसायला लागते." मग त्यांनी 1986 चं जे. जे. रुग्णालय सांगितलं. तिथे याच विषाने भेसळ झालेल्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण गेले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला होता. म्हणजे आपल्या राज्याला हा धडा एकदा मिळालेला होता.

पाच मुलं पाच वेगवेगळ्या रुग्णालयांत असतात तेव्हा त्यांच्या उशाशी कोण असतं? नर्स असते. आईशी बोलणारी, "घरी काय औषध दिलं होतं ते डब्यासकट आण" म्हणणारी तीच. माझ्यासारख्या वीस-पंचवीस जणी या शहरात लाइन लिस्ट मांडू शकल्या, तर मोठा शोध लागेल असा माझा दावा नाही. एक फोन दोन दिवस आधी जाईल, एवढंच म्हणते.

फार्मासिस्टचंही ऐकून ठेवा. पावसाळ्यातल्या एका रविवारी जुलाबाच्या साथीचा आलेख काढायला दिला होता. तो सहज बोलून गेला, "ओआरएसची पाकिटं अचानक संपायला लागली की मले आधीच समजते, कुठंतरी पाणी बिघडलं. दोन दिवसांनी मग पेपरात येते." मॅडमनी त्याला उभं केलं आणि पुन्हा सगळ्यांना सांगायला लावलं. पुस्तकात ज्याला पूर्वसूचना देणारी निगराणी म्हणतात, ती त्याच्या काउंटरवर रोज चालू होती, त्याला नाव माहीत नव्हतं इतकंच. आता तुम्ही त्याला सांगता, शिकायचं तर दुकान दोन वर्षं बंद ठेव. दुकान बंद ठेवून तो वर्गात आलाच, तर ओआरएसचं त्याला कसं कळणार?

माझी मूळ तक्रार हीच आहे. आजार ज्यांना सगळ्यात आधी दिसतो, त्यांना तो मोजायला शिकवणं हे या अभ्यासक्रमाचं काम. आणि तुम्ही प्रवेशाची अट अशी घातलीत की जो रोज आजार पाहतो तो आत येऊच शकत नाही. पूर्णवेळ येणारे विद्यार्थी हुशार आहेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बीडीएस, बीएएमएस करून थेट आलेल्या मुलांना एस-पी-एल फॉर्म पुस्तकात भेटतात.

आणखी एक तास विसरता येत नाही, नवतप्यातला. मे महिन्यात नागपूरचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. सरांनी अहमदाबादचं उदाहरण घेतलं. मे 2010 मध्ये तिथे उष्णतेची लाट आली. त्या महिन्यातले सगळे मृत्यू मोजले, आधीच्या आणि नंतरच्या वर्षीच्या मे महिन्याशी ताडून पाहिले, तेव्हा 1,344 मृत्यू जास्तीचे निघाले. त्यानंतर 2013 मध्ये त्या शहराने उष्णतेविरुद्धचा आराखडा केला. "मग प्रमाणपत्रांवर उष्माघात किती जणांच्या लिहिलेला असतो?" कोणीतरी विचारलं. उमरेडचे डॉक्टर हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. मृत्यूच्या कारणाचा फॉर्म भरताना "हृदय व श्वसनक्रिया बंद पडून" लिहिण्याची सवय आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. हृदय तर प्रत्येकाचं बंद पडतं. मजूर दुपारी दोनला स्लॅबवर होता, हे त्या फॉर्मवर येत नाही. आलं तरच शहराला कळेल की पाणी आणि सावली कुठे हवी. त्या सोमवारी डॉक्टरांनी आपल्या केंद्रातल्या लोकांना बसवून तो फॉर्म कसा भरायचा ते पुन्हा शिकवलं. हे त्यांनी मला सांगितलं नाही, त्यांच्याच केंद्रातल्या सिस्टरकडून कळलं.

आता निर्णयाबद्दलच्या तक्रारी.

पहिली, तो मधेच घेतला. नवीन प्रवेश बंद केले असते तर भांडले असते, पण वेगळ्या तऱ्हेने. आमचं पहिलं वर्ष झालं, परीक्षा झाली, दुसऱ्या वर्षाची फी भरली. ती मी कर्मचारी पतसंस्थेतून कर्ज काढून भरली आहे. तुम्ही फी परत द्याल, पतसंस्था व्याज परत देणार नाही. आणि पहिल्या वर्षाचं काय? त्याबद्दल परिपत्रकात एक शब्द नाही.

दुसरी, पर्याय म्हणून जो दिलात तो पर्याय नाही. आमच्यातले चौघे कंत्राटी आहेत. अध्ययन रजा हा शब्द त्यांच्या करारात नसतो. अकरा महिन्यांचा आदेश, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा आदेश. दोन वर्षं काय, दोन आठवडे सुटले तरी जागेवर दुसरा माणूस. मी कायम आहे, म्हणून मी अर्ज करून पाहिला. "परिचारिकांची पदं रिक्त असल्याने रजा मंजूर करता येत नाही." उत्तर खोटं नाही. माझ्या वॉर्डात रात्री दोघींनी किती खाटा सांभाळायच्या ते मलाच माहीत आहे.

तिसरी माझ्या प्रबंधाची आहे आणि ती मला सगळ्यात जास्त लागते. विषय होता, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांचं औषध मधेच का सुटतं. विदर्भात सिकलसेल काय आहे हे नागपूरच्या नर्सला पुस्तकातून शिकावं लागत नाही. हिवाळा लागला की हातपाय दुखून कळवळणारी पोरं येतात, सलाईन, वेदनाशामक, घरी, पुन्हा दोन महिन्यांनी तीच पोरं. 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 चं लक्ष्य. तपासणी होतेय, कार्डं मिळताहेत. पण हायड्रॉक्सीयुरिया हे त्यावरचं औषध रोज घ्यावं लागतं, वर्षानुवर्षं. भिवापूरकडची एक आई मला म्हणाली, "गोळ्या पंधराच दिवसाच्या भेटते. येऊन-जाऊन दिवस जाते, रोजी पडते. मंग दुखते तेवाच आणतो." वीस वर्षांच्या तिच्या पोराच्या फाइलीत डॉक्टरांनी लिहिलं होतं, रुग्ण औषध नियमित घेत नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण दुसऱ्या वाक्यावर कोणी काही करू शकत नाही. पहिल्यावर करता येतं. महिन्याच्या गोळ्या द्या, उपकेंद्रावर द्या. अशा मुलाखतींची निळी फाइल माझ्या कपाटात आहे. नीतिशास्त्र समितीची परवानगी तुमच्या संस्थेच्या नावावर आहे. बॅच बंद म्हणजे ती फाइल बंद. त्या बायांना मी सांगितलं होतं, तुमचं म्हणणं वरपर्यंत पोचवते.

चौथी तक्रार तुमच्या एकट्यांविरुद्ध नाही. राष्ट्रीय आरोग्य धोरण 2017 मध्ये राज्यांनी सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचं स्वतंत्र केडर, म्हणजे त्या कामासाठीची वेगळी फळी, उभारावं असं म्हटलं आहे. त्यात डॉक्टरांबरोबर कोणाकोणाला घ्यावं, त्या यादीत नर्सिंगचं नाव आहे. अट एकच, सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलेलं असावं. 2022 मध्ये केंद्राने या केडरची मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. म्हणजे दार कागदावर उघडं आहे, त्याची किल्ली म्हणजे हे शिक्षण, आणि ते घ्यायचं तर नोकरी सोडा. आरोग्य विभागाला मी वेगळं लिहिणार आहे.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. कार्यालयात कानावर आलं की अकरा जणांसाठी इमारत उघडी ठेवणं परवडत नाही, शिक्षकांना रविवार हवा आहे, आणि सुट्टीच्या बॅचचा दर्जा राहत नाही असं कोणाचं तरी मत आहे. शिक्षकांना रविवार हवा, हे शंभर टक्के खरं. आम्हालाही हवा असतो. त्यांना बदली सुट्टी द्या, मानधन द्या, त्यासाठी आमची फी थोडी वाढली तरी चालेल. दर्जाचं म्हणाल तर पहिल्या वर्षाचा निकाल तुमच्याच दप्तरी आहे, दोन्ही बॅचचे शेजारी शेजारी ठेवून पाहा. आणि काम करता करता हा विषय शिकवणं ही काही आम्ही काढलेली टूम नाही. साथरोग तपासाचं जे फ्रंटलाइन प्रशिक्षण अनेक देशांत चालतं, ते तीन महिन्यांचं असतं आणि त्यातला बहुतेक वेळ माणूस आपल्याच नोकरीच्या जागी राहून, आपल्याच भागातले आकडे घेऊन शिकतो. तिथे नोकरी हाच अभ्यासाचा भाग धरतात.

मागण्या साध्या आहेत. सध्याच्या अकरा जणांची बॅच ठरल्याप्रमाणे शनिवार-रविवारी पूर्ण करा, हे लेखी द्या. यापुढे एक वर्षाआड का होईना, नोकरी करणाऱ्यांची बॅच ठेवा. दोन वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत पुरा करायची मुभा दिलीत तर अजून बरं. व्याख्यानं ऑनलाइन घेतली तरी चालतील, पण वस्तीभेटी आणि आकडेवारीचे तास प्रत्यक्षच हवेत. लाइन लिस्ट एकत्र बसूनच येते. क्षेत्रकार्यासाठी ज्याचं त्याचं रुग्णालय, उपकेंद्र, दुकान मान्य करा आणि तिथे येऊन तपासा, कडक तपासा. आणि आमच्या नोकरीच्या ठिकाणी संस्थेच्या पत्रावर एक विनंती पाठवा, की शनिवारी या माणसाला सकाळची ड्युटी लावू नये. या पत्राला तुम्हाला एक लिफाफा लागेल. आमचं त्याने वर्ष वाचतं.

"प्रशासकीय कारण" काय होतं, तेही सांगा. रुग्णालयात आम्ही असं उत्तर नातेवाइकांना देत नाही. दिलं तर ते ऐकून घेत नाहीत.

परवा नर्सिंगच्या मुलींचा दीपप्रज्वलनाचा कार्यक्रम होता. दरवर्षीसारखे हातात दिवे, नाइटिंगेल बाईंच्या नावाने शपथ. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त सैनिक मेले, हे त्या बाईंनी आकडे मांडून, आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवलं, हे मला नर्सिंगच्या शिक्षणात कोणी सांगितलं नाही. ते मला तुमच्या वर्गात, एका रविवारी कळलं. त्या मुलींपैकी दोघी-तिघी कार्यक्रमानंतर विचारत होत्या, मॅडम, तुम्ही करता तो कोर्स आम्हाला नोकरी लागल्यावर करता येईल का? मी म्हटलं, विचारून सांगते.

येत्या शुक्रवारी माझी नाईट आहे. शनिवारी सकाळी आठला सुटेन. साडेदहाला आम्ही अकराही जण तुमच्या कार्यालयाबाहेरच्या व्हरांड्यात येऊ. घोषणा देणार नाही, फलक आणणार नाही. पंधरा मिनिटं वेळ द्या. निळी फाइल मी बरोबर आणते.

आपली विश्वासू,
शनिवार-रविवारच्या बॅचमधली एक सिस्टर
नागपूर